माझी हद्द अडीच इंच

माझ्या भाचीला गेल्या महिन्यात लोअर परळच्या एका ऑफिसात रिसेप्शनवर नोकरी लागली. नेमणुकीच्या पत्रासोबत पोशाखाच्या नियमांचं एक पान आलं. पायांबद्दल पुरुषांसाठी त्यात एकच ओळ आहे: काळे, पॉलिश केलेले बूट. मुलींसाठी चार ओळी आहेत आणि त्यातली एक म्हणते, पुढून बंद असलेले काळे शूज, टाच किमान दोन इंच. तिने ते पान माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "मावशी, दीड इंच घातली तर मला परत पाठवतील का गं?"

आईला सोडून तिने हे मला विचारलं, कारण आमच्या घरात हील घालणारी मी. पंचवीस वर्षं घालते आहे. आवडते म्हणून घालते आणि सोसवत नाही तिथे काढून ठेवते. उंच टाचांचा विषय निघाला की मला दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, घालायलाच हवी, त्याशिवाय बाई टापटीप दिसत नाही. दुसरा म्हणतो, घालूच नका, कंबर कायमची जाईल. ज्या पायांवर हे सगळं पेलायचं त्या पायांना काय वाटतं, हे दोघांनाही विचारावंसं वाटत नाही.

माझी उंची चार फूट अकरा इंच. एकोणिसाव्या वर्षी, शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून, वांद्र्याच्या लिंकिंग रोडवर घासाघीस करून मी पहिली हील घेतली. साडेतीन इंची, काळी, घोट्याला पट्टा असलेली. ती घालून घरी येताना लोकलच्या डब्यात वरच्या कडीपर्यंत माझा हात पहिल्यांदा सहज पोचला. तोवर मी सीटचा कोपरा नाहीतर कुणाचा तरी खांदा धरून उभी राहायचे. त्या दिवशी दादर ते मुलुंड स्वतः कडी धरून आले. हौसेला मोल नसतं म्हणतात. मला तर त्या हौसेत डब्यातली जागाही मिळाली होती.

पुढे चार वर्षांनी मी एका मोठ्या शोरूममध्ये काउंटरवर लागले. साडी, अंबाडा आणि तीन इंची काळे पंप्स, म्हणजे पुढून बंद, बिनपट्ट्याचे उंच टाचेचे शूज, हा तिथला गणवेश. शूजचे पैसे पगारातून कापून घेतले. सकाळी साडेदहा ते रात्री साडेआठ उभं राहायचं. स्टूल होती, पण ती गिऱ्हाइकांसाठी. जेवणाची अर्ध्या तासाची सुट्टी सोडली तर बसणं म्हणजे कामचुकारपणा. पहिल्या आठवड्यात टाचांना फोड आले. दोन महिन्यांत चवड्यांखाली घट्टे पडले, करंगळीला कुरूप झालं. वर्षाच्या आत उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर दिसू लागलं, ते आजही तसंच आहे. एकदा मी काउंटरखाली शूज काढून मोज्यांवर उभी राहिले, तेव्हा सुपरवायझरने सगळ्यांदेखत ऐकवलं, "पाय दुखत असतील तर घरी बसा."

लिंकिंग रोडवरची माझी हील या पंप्सपेक्षा अर्धा इंच उंच होती. ती मी रविवारी हौसेने घालायचे आणि तिने मला कधी छळलं नाही. कारण ती दोन-तीन तासांसाठी असायची, मी मध्ये बसायचे, दुखायला लागली की काढायचे. शोरूममध्ये काढण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. या लेखात मला जे म्हणायचं आहे ते एवढंच आहे. टाच किती इंची असावी याचं एक बरोबर उत्तर नाही. प्रत्येकीची हद्द वेगळी असते, ती दिवसागणिक बदलते, आणि ती फक्त तिलाच कळते. म्हणून ती ठरवण्याचा अधिकार मालकाकडे नको, सासरकडे नको आणि उपदेश करणाऱ्यांकडेही नको.

माझी हद्द कशी ठरली ते सांगते. अडीच इंच, तीही रुंद टाचेची, चार तास. त्यापुढे चवड्यांना आग लागते. पुढच्या बाजूला एक इंचाचा प्लॅटफॉर्म असेल तर साडेतीन इंचही चालते, कारण पायाला जाणवणारा उतार तेवढाच राहतो. शूज मी संध्याकाळी घेते, कारण दिवसभरात पाय सुजतो आणि सकाळी बरोबर बसलेली जोडी संध्याकाळी चावते. टाच मागे कलंडलेली नको, बरोबर टाचेच्या हाडाखाली यायला हवी. जून ते सप्टेंबर हील बंद. ओल्या फरशीवर टोकाचं रबर घसरतं हे एकदा परळला जिन्यात बसून शिकले. माझ्या डब्यातली एक मैत्रीण चार इंचांवर बोरिवलीहून चर्चगेटला जाते आणि तिची चाल डौलदार असते. दुसरी एक इंचावरही रडकुंडीला येते. दोघीही खोटं बोलत नाहीत.

पायांची ठेवणच निराळी असते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांच्या पायांची मापं घेतली, तेव्हा भारतीय पाय युरोपी-अमेरिकी पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद असल्याचं दिसलं. त्यावरून 'भा' नावाची भारतीय मापपद्धती सुचवली गेली. आपण मात्र वर्षानुवर्षं परदेशी साच्यावर बेतलेल्या निमुळत्या पंप्समध्ये रुंद चवडा कोंबत आलो आणि बोटं एकमेकांवर चढली की दोष स्वतःच्या पायाला दिला. 'माझे पाय बेढब आहेत' हे वाक्य मी किती बायकांच्या तोंडून ऐकलं असेल!

शरीराचं गणित टाळून मला हौसेची बाजू मांडायची नाही. टाच वर गेली की वजन पुढे सरकतं, चवड्यावर येतं. घोट्याच्या सांध्यातलं खालचं हाड पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं. पंजा खाली झुकला की त्याचा अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो, म्हणून हील घातल्यावर पाय चटकन मुरगळतो. १९९८ मध्ये अमेरिकेत वीस निरोगी स्त्रियांवर झालेल्या अभ्यासात उंच टाचांमुळे गुडघ्याच्या आतल्या बाजूवरचा ताण सरासरी २३ टक्क्यांनी वाढलेला दिसला. त्याच संशोधकांनी २००१ मध्ये रुंद टाचा तपासल्या, तर तिथेही ताण जवळपास तेवढाच निघाला. हे वाचून मी चपापले होते. ब्लॉक हील घोट्याला सावरते, म्हणून ती 'सुरक्षित' अशी माझी समजूत होती; गुडघ्याला तिचा काही उपयोग नाही. २०१० मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी वर्षानुवर्षं हील घालणाऱ्या स्त्रियांच्या पोटऱ्या पाहिल्या. तिथले स्नायूतंतू आखूड झाले होते आणि टाचेमागची शीर जाड, ताठर झाली होती. म्हणूनच रोज हील घालणाऱ्या कितीतरी बायकांना सपाट चपलेत जास्त दुखतं. उलट, अगदी पातळ तळाच्या सपाट चपलेने टाचदुखी बळावते हेही खरंच. तेव्हा 'सपाट ते निरोगी' असा सरळ हिशेब मांडता येत नाही. मी आठवड्यातून दोनदाच हील घालते, रात्री जिन्याच्या पायरीवर चवडे टेकवून पोटऱ्या ताणते, आणि हा सौदा माझा मी पत्करलेला आहे.

पत्करलेला आहे, यावर माझा सगळा भर आहे.

मुंबईच्या बायकांनी यावर आपला तोडगा कधीच काढला आहे. ५ मे १९९२ रोजी पश्चिम रेल्वेने चर्चगेट ते बोरिवली लेडीज स्पेशल सुरू केली. त्या गाडीत किंवा कुठल्याही लेडीज डब्यात सकाळी नजर खाली टाकून पाहा. फ्लोटर्स, रबरी चपला, स्पोर्ट शूज. हील पिशवीत असते, आणि ती पिशवी जेवणाच्या डब्याच्या मोठ्या बॅगेत. गर्दीत फलाटावरून डब्यात चढताना मधल्या पोकळीवर टोकदार टाच कुणी टेकवत नाही. पुलाचे जिने, त्यांच्या कडांना झिजलेल्या लोखंडी पट्ट्या, मग ऑफिसपर्यंतचा फुटपाथ. ऑफिसच्या दाराशी, नाहीतर खालच्या चहावाल्याच्या आडोशाला एका पायावर उभं राहून जोडी बदलायची. संध्याकाळी परत तेच उलट. मी इतकी वर्षं हे केलं आणि कधी त्याचं कौतुकही केलं. आता वाटतं, यातलं अर्धं चातुर्य आपल्यावर लादलेल्या नियमांची किंमत गुपचूप चुकवण्यात खर्च झालं. आपण कुरकुर केली नाही, म्हणून नियम करणाऱ्यांना काही खटकलंच नाही.

इतर देशांत बायकांनी कुरकुर केली. डिसेंबर २०१५ मध्ये लंडनमध्ये निकोला थॉर्प नावाची तरुणी रिसेप्शनच्या कामावर पहिल्या दिवशी सपाट शूज घालून गेली. दोन ते चार इंची हील घाल असं तिला सांगण्यात आलं. नकार दिल्यावर तिला पगाराविना घरी पाठवलं. तिच्या याचिकेवर दीड लाखाहून जास्त सह्या झाल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटिश संसदेच्या दोन समित्यांनी या एकाच विषयावर संयुक्त अहवाल दिला. सरकारने मात्र आहे तो कायदा पुरेसा आहे म्हणून नवा कायदा केला नाही. जपानमध्ये २०१९ साली युमी इशिकावाने चळवळ उभारली. तिचं नाव 'कूटू'. जपानीत 'कुत्सु' म्हणजे बूट आणि 'कुत्सू' म्हणजे वेदना. तिथल्या कामगारमंत्र्यांनी नोकरीतल्या हीलला समाजमान्य, आवश्यक आणि योग्य मर्यादेतली गोष्ट म्हटलं. तरी पुढच्याच वर्षी जपान एअरलाइन्सने आपल्या महिला कर्मचाऱ्यांवरची हीलची अट काढून टाकली.

कायद्यांत मला दोन वाटा दिसतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने एप्रिल २०१७ मध्ये मालकांना हीलची सक्ती करायला मनाई केली. त्याच वर्षी फिलिपिन्सने कामगार खात्याचा आदेश काढला, त्यात कामावरच्या शूजची टाच एक इंचापेक्षा उंच नको आणि तळ रुंद हवा असं सांगितलं. दहा-दहा तास मॉलमध्ये उभ्या असणाऱ्या विक्रेत्या मुलींसाठी तो आदेश मोठा दिलासा होता, याबद्दल मला शंका नाही. पण निवडायची वेळ आली तर मी ब्रिटिश कोलंबियाची वाट धरेन. सक्ती काढा आणि बाकीचं तिच्यावर सोडा. शोरूमने म्हटलं 'किमान तीन', उद्या सरकारने म्हटलं 'कमाल एक', तरी फूटपट्टी दुसऱ्याच्याच हातात राहिली.

"आम्ही सक्ती करत नाही, फक्त अपेक्षा असते," असं अनेक मॅनेजर म्हणतात. भाचीच्या पानावर निदान छापलेलं तरी आहे. बहुतेक ठिकाणी ते छापत नाहीत. मुलाखतीत नजर पायांवर जाते, वार्षिक मूल्यमापनात 'प्रेझेंटेबल' या रकान्यात दोन गुण कमी पडतात, कुणीतरी सीनियर बाई प्रेमाने कानात सांगते, "हील घाल गं, फरक पडतो." अशी न छापलेली अट दाखवता येत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध तक्रारही करता येत नाही. या प्रेमळ सल्ल्यांबद्दल मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं, कारण ते देणाऱ्या बाईच्या अंगठ्याचं हाडही माझ्याइतकंच बाहेर आलेलं असतं.

प्रतिमेचा मुद्दा मी ऐकून घ्यायला तयार आहे. गिऱ्हाइकासमोर उभ्या असलेल्या माणसाने स्वच्छ, नेटकं दिसावं, ही अपेक्षा रास्त आहे. पण नेटकेपणा इंचांत कसा मोजणार? पुरुषाचा नेटकेपणा पॉलिशने ठरतो, तर बाईचाही पॉलिशनेच ठरू दे. याच मुंबईत मुख्यालय असलेल्या अकासा एअरने २०२२ मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांना पँट, जॅकेट आणि स्निकर्स असा गणवेश दिला. प्रवाशांनी त्यावरून तिकिटं रद्द केल्याचं काही कानावर आलं नाही. डोलणाऱ्या विमानात गरम चहा घेऊन चालणाऱ्या मुलीच्या पायात काय असावं, हे कुणीतरी तिचं काम डोळ्यांपुढे ठेवून ठरवलं, याचं मला मनापासून बरं वाटलं.

आणखी एक गोष्ट मला बोचते. आपल्या ऑफिसांच्या नियमांत 'चप्पल चालणार नाही' असं सरसकट लिहिलेलं असतं. त्यात कोल्हापुरी येते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांच्या या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ साली मिलानच्या मंचावर प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने तशीच चप्पल दाखवली तेव्हा आपण सगळे खवळून उठलो, आणि ते योग्यच होतं. पण त्याच आठवड्यात मुंबईत किती ऑफिसांनी कोल्हापुरी घालून आलेल्या मुलीला 'फॉर्मल' मानलं असतं? चांगली कमावलेली, करकरणारी कोल्हापुरी साडीखाली जितकी शोभते तितकं दुसरं काही शोभत नाही, असं माझं ठाम मत आहे. आमच्याकडे रुबाबदार पादत्राण आधीपासून होतं आणि ते सपाट होतं.

दुसरी बाजू मला जवळच्या मैत्रिणींकडून ऐकावी लागते. हील हीच मुळात पुरुषांच्या नजरेची बेडी, तू ती हौसेने घालतेस हाच तुझा पराभव, असं त्यांचं म्हणणं. मी यावर पुष्कळ विचार केला आहे. टाचेचा इतिहास त्यांच्या बाजूने सरळ उभा राहत नाही. रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून इराणी घोडेस्वार उंच टाचा वापरायचे. सतराव्या शतकात फ्रान्सचा चौदावा लुई आपल्या दरबारात लाल टाचा मिरवायचा. पुरुषांनी त्या सोडल्या, बायकांकडे राहिल्या. मला उंच व्हायला आवडतं यात समाजाचा हात असेलही. मला कुंकू, गजरा, पैठणी आवडते त्यातही आहे. मात्र माझ्या आवडीची झडती घेणाऱ्या मैत्रिणीला मी तेच सांगते जे सुपरवायझरला सांगायचं राहून गेलं: पाय माझे आहेत.

आणि आपल्या समाजात तर दुसऱ्याच्या पायांवर हुकूम चालवण्याचा इतिहास फार काळा आहे. याच महाराष्ट्राच्या गावांमध्ये दलितांना सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. त्या अपमानाची आणि ऑफिसातल्या हीलची बरोबरी मी करत नाही, कुणी करूही नये. फक्त एवढंच वाटतं की ज्या मातीत हे घडलं तिथे पायात काय घालावं हा हुकूम 'किरकोळ बाब' म्हणून झटकून टाकण्याआधी आपण थोडं थांबायला हवं.

हौसेतही सक्ती शिरते, ते लग्नात दिसतं. साडी हील घालूनच नेसवतात, म्हणजे काठ जमिनीला बरोबर टेकतो. एकदा नेसली की हील काढता येत नाही, काढली तर साडी लोळते, पाय अडकतो. मग रिसेप्शनच्या स्टेजवर नवरी तीन-तीन तास उभी, शेजारी नवरा मोजडीत. गेल्या डिसेंबरात दादरच्या एका हॉलमध्ये मी नवरीच्या मागे खुर्ची सरकवली आणि तिला आहेरांच्या मध्ये दोन-दोन मिनिटं बसवलं. पाहुण्यांपैकी कुणाचाही मान कमी झाला नाही.

खुर्चीवरून आठवलं, कारण हीलचा प्रश्न बसण्याच्या प्रश्नापासून वेगळा काढताच येत नाही. १९४८च्या कारखाना कायद्याच्या ४४व्या कलमात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय सांगितलेली होती, पण ती कारखान्यांपुरती. दुकानातली मुलगी त्यात बसत नव्हती. केरळमध्ये कोळिकोडच्या कापड दुकानांतल्या बायकांनी पी. विजी यांच्या पुढाकाराने संघटित होऊन बसण्याचा हक्क मागितला आणि २०१८ मध्ये राज्याने दुकाने कायद्यात तो घातला. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं. महाराष्ट्रात वीस किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना आणि ऑफिसांना २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. त्यात दोन वाक्यं सुस्पष्टपणे लिहिली जावीत अशी माझी मागणी आहे. उभ्याने काम करणाऱ्या प्रत्येकाला काउंटरमागे बसायला जागा आणि मुभा मिळेल. आणि कामाच्या सुरक्षिततेसाठी गरजेचं असेल ते सोडून, टाचेच्या उंचीची अट कुणावरही घातली जाणार नाही. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही हे लागू व्हायला हवं, कारण मुंबईतल्या कितीतरी सेल्सगर्ल अशाच दुकानांत उभ्या आहेत.

महापालिकेकडेही एक मागणं आहे, ते थोडक्यात. पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकून मोडलेल्या टाचा घेऊन मी मुलुंड स्टेशनबाहेरच्या गटई स्टॉलवर इतक्यांदा गेले आहे की तिथले काका चेहरा पाहूनच रबराचा टॉप आणि खिळे काढतात. ज्या फुटपाथवर टाच अडकते तिथेच काठी अडकते आणि व्हीलचेअरचं चाकही.

भाचीला मी सांगितलं की नोकरी सोडू नकोस आणि पाय मोडूनही घेऊ नकोस. आम्ही दोघींनी मिळून तिच्या एचआरला मेल लिहिला: आपल्या नियमात पुरुषांसाठी उंचीची अट नाही, माझ्यासाठी ती का आहे हे कृपया कळवावं, मी काळे, पॉलिश केलेले, सपाट शूज घालून रुजू होऊ इच्छिते, डेस्कमागे बसायला खुर्ची असेल ना? 'इच्छिते'च्या जागी तिने आधी 'परवानगी मिळेल का' असं लिहिलं होतं. ते तिने स्वतःच खोडलं. मग शनिवारी आम्ही लिंकिंग रोडला गेलो. तिथे तिला चार इंची, मरून रंगाची, पातळ पट्ट्यांची एक जोडी भारी आवडली. ती घालून तिने दुकानासमोर फेऱ्या मारल्या, आरशात पाहिलं आणि म्हणाली, "ही रविवारसाठी." मी पैसे दिले.